आपत्तीतून वाचलेल्यांच्या अनुभवांवर पीएचडी: अधिछात्रवृत्ती मिळेलही, पण क्षेत्रकार्याचा खर्च कुठून करायचा?

माळवद (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. मी समाजशास्त्राची विद्यार्थिनी असून मराठवाड्यातल्या एका विद्यापीठात गेल्या वर्षी माझी पीएचडीची नोंदणी पक्की झाली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा जी मुले पाच ते पंधरा वर्षांची होती, त्यांनी ती पहाट, त्यानंतरची पत्र्याच्या शेडमधली वर्षे आणि पुनर्वसित गावातले पुढचे आयुष्य कसे भोगले, कसे निभावले आणि आज त्याविषयी ती कशी बोलतात, हा माझा विषय आहे. माझा जन्म भूकंपानंतरचा. पण माझ्या आजोळच्या घराचे माळवद (मातीचे सपाट छत) त्या पहाटे खाली आले, आणि आमच्या घरात आजही कोणतीही जुनी गोष्ट निघाली की ती भूकंपाआधीची की भूकंपानंतरची, हे आधी विचारले जाते. त्यामुळे विषय मला शोधावा लागला नाही. अडचण आहे ती पैशांची.

मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा उत्तीर्ण आहे, परंतु तिच्याच गुणांवर मिळणारी जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (फेलोशिप), थोडक्यात हुकली. वय एकोणतीस, प्रवर्ग इतर मागासवर्ग. आराखड्यात मी चाळीस जणांच्या प्रत्येकी दोन बैठका धरल्या आहेत. त्यांतले तीसेक जण लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांतल्या चार पुनर्वसित गावांत राहतात आणि उरलेले शिक्षणासाठी पुण्याला गेले, ते तिकडेच स्थिरावले. प्रवास, मुक्काम, बरा रेकॉर्डर, मुलाखती शब्दशः उतरवून घेण्याचा मोबदला आणि कचेरीतल्या जुन्या कागदांच्या प्रती असे सगळे धरून माझा अंदाज दोन लाखांच्या थोडा वर जातो. हा तक्ता मार्गदर्शकांना दाखवला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "आणि मुलाखत देणाऱ्या बाईची त्या दिवसाची मजुरी बुडाली तर?" तो रकाना माझ्या तक्त्यात नव्हताच.

तेव्हा जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती. अशा विषयाकडे पाहून पैसे देणारी अधिछात्रवृत्ती आपल्याकडे आहे का, की विषय कोणताही असला तरी सगळ्यांना एकाच रांगेत उभे राहावे लागते? क्षेत्रकार्याचा खर्च अर्जात नेमका कुठे दाखवतात? ज्यांच्याकडून आपण त्यांच्या आयुष्यातली सर्वांत वाईट रात्र ऐकून घेणार आहोत, त्यांना मानधन द्यावे की देऊ नये? आणि बोलता बोलता कुणाला फारच त्रास झाला, तर समुपदेशकाची सोय संशोधकाने स्वतःच्या खिशातून करायची का? शेवटचा प्रश्न मी विभागात विचारला होता. तेव्हा "तेवढे खोलात जाऊ नका" असे उत्तर मिळाले, म्हणून तो इथे विचारते आहे.

कंटिन्जन्सी

ताई, आपला विषय वाचला आणि माझे स्वतःचे पहिले वर्ष आठवले. मी शिरोळ तालुक्यात २०१९ च्या महापुरात घर सोडावे लागलेल्या कुटुंबांवर काम करतो, जेआरएफधारक आहे आणि सध्या चौथे वर्ष सुरू आहे. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर कटू आहे, पण ते आधीच समजून घेतलेले बरे: आपल्याकडे अधिछात्रवृत्ती बहुतांशी माणसाला मिळते, प्रश्नाला मिळत नाही. परीक्षा, प्रवर्ग, गुण आणि वय यांवर निवड होते. तुम्ही भूकंपग्रस्तांवर काम करा किंवा संतसाहित्यातल्या अलंकारांवर करा, जेआरएफच्या रकमेत एका पैशाचा फरक पडत नाही. त्यात एक सोय आहे, कारण विषय बदलला म्हणून पैसे थांबत नाहीत. आणि एक गैरसोय आहे, कारण तुमच्या विषयाला खर्च जास्त येतो, याची दखल घेणारे तिथे कुणीच नसते.

आकडेच पाहा. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ अधिछात्रवृत्ती, दरमहा ४२,००० रुपये झाली. घरभाडे भत्ता वेगळा. पाच वर्षे पूर्ण मिळाली तर ही रक्कम बरोबर २४ लाख होते. आता ज्याला आपण सगळे कंटिन्जन्सी म्हणतो आणि कार्यालयात सादिलवार म्हणतात, ती संशोधनाच्या किरकोळ खर्चाची रक्कम मानव्यविद्या आणि सामाजिक शास्त्रांसाठी पहिली दोन वर्षे वार्षिक १०,००० आणि पुढे वार्षिक २०,५०० रुपये आहे. पाच वर्षांची बेरीज ८१,५०० रुपये. म्हणजे संशोधकाच्या पोटासाठी चोवीस लाख आणि संशोधनासाठी एक लाखही नाही. त्यातही ज्या पहिल्या दोन वर्षांत आपण गावोगाव फिरतो, त्याच वर्षांत ती रक्कम सर्वांत कमी असते, हे ठरवणाऱ्याने क्षेत्रकार्य कधी पाहिले होते की नाही, कोण जाणे. प्रत्यक्षात माझा शिरोळचा बहुतेक खर्च मी मासिक अधिछात्रवृत्तीतूनच केला. ते नियमाविरुद्ध नाही. ती तुमचीच रक्कम असते.

जेआरएफसाठी आपल्याला अजून संधी आहे, कारण तीस वर्षांची जी मर्यादा आहे तीत महिलांना आणि इतर मागासवर्गीय उमेदवारांना पाच वर्षांची सवलत मिळते. समांतरपणे नागपूरच्या 'महाज्योती' या राज्य शासनाच्या संस्थेकडे लक्ष ठेवा. महात्मा जोतिबा फुले संशोधन अधिछात्रवृत्ती आपल्याच प्रवर्गासाठी आहे. इतर वाचकांच्या माहितीसाठी: अनुसूचित जातींसाठी 'बार्टी', मराठा आणि कुणबी उमेदवारांसाठी 'सारथी', आदिवासी उमेदवारांसाठी 'टीआरटीआय', या तिन्ही संस्था पुण्यात आहेत. आई-वडिलांची एकुलती एक मुलगी असाल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाची सावित्रीबाई जोतीराव फुले यांच्या नावाची वेगळी अधिछात्रवृत्तीही आहे.

मात्र राज्याच्या या योजनांवर महिन्याचे गणित बसवू नका. २४ डिसेंबर २०२३ च्या एकत्रित चाळणी परीक्षेत २०१९ च्या सेट या राज्यस्तरीय पात्रता परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आल्याची तक्रार झाली, १० जानेवारी २०२४ ची फेरपरीक्षाही वादात सापडली, आणि त्याच हिवाळ्यात विधिमंडळात "पीएचडी करून काय दिवे लावणार" असा प्रश्न विचारला गेला, हे सगळ्यांना आठवत असेल. माझ्या एका मित्राची अधिछात्रवृत्ती (संस्थेचे नाव घेत नाही) चौदा महिने अडकली होती. त्या काळात त्याचे क्षेत्रकार्य थांबले आणि ज्या वस्तीत तो जात असे तिथल्या लोकांना वाटले, की हाही आला आणि गेला. आपल्यासारख्या विषयात पैसे अडकण्याचे नुकसान फक्त संशोधकाचे होत नाही.

मुलाखती उतरवून काढण्याच्या कामाबद्दल एक सावधगिरीची सूचना. चाळीस जण, प्रत्येकी दोन बैठका, एका बैठकीला सव्वा तास धरला तरी शंभर तासांचे ध्वनिमुद्रण होते. एका तासाला मला स्वतःला सहा तास लागतात, कारण माणसे रडतात, थांबतात, मध्येच शेजारी येऊन बसतो आणि दोघे एकदम बोलतात. म्हणजे सहाशे तास. रोज चार तास बसलात, तरी पाच महिने. हे काम बाहेर देण्याआधी विचार करा. मी सुरुवातीच्या सहा मुलाखती शहरातल्या एका टंकलेखन केंद्राला दिल्या होत्या. त्यांनी आमच्याकडची बोली परस्पर प्रमाण मराठीत बदलून दिली आणि एका आजींचे "पाणी आलं न्हाई, पाण्यानं धरलं" हे वाक्य "पाणी आले आणि आम्ही अडकलो" असे होऊन आले.

जुना_वाचक

मी वीस वर्षे पीएचडीचे विद्यार्थी हाताळले आणि काही काळ अर्ज छाननीच्या कामातही होतो. आता निवृत्त आहे. वरच्या सदस्यांनी मांडलेला हिशेब योग्यच आहे. त्यात एक दुरुस्ती मात्र करावीशी वाटते. प्रश्नाकडे पाहून निर्णय घेणारे दार आपल्याकडे अगदीच नाही, असे नाही. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएसएसआर, ही १९६९ पासूनची संस्था आहे आणि तिच्या डॉक्टरल अधिछात्रवृत्तीसाठी संशोधन आराखडा वाचला जातो. दरमहा २०,००० रुपये आणि वार्षिक २०,००० रुपये सादिलवार, म्हणजे वर्षाच्या संशोधनखर्चासाठी एका महिन्याची अधिछात्रवृत्ती असे तिचे स्वरूप आहे. जेआरएफच्या तुलनेत रक्कम लहान आहे, पण ज्याचा विषय पक्का आणि परीक्षेतले गुण थोडे कमी, त्याला ती उपयोगी पडते. परिषदेचे पश्चिम विभागीय केंद्र मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरात आहे.

आता आराखड्याविषयी. छाननीला बसल्यावर आपत्तीवरचे बरेच अर्ज मी पाहिले आणि त्यांतले बहुसंख्य एकाच ठिकाणी घसरतात. "या विषयावर आजवर फारसे काम झालेले नाही" असे पहिल्याच परिच्छेदात लिहिलेले असते. किल्लारीच्या बाबतीत तर हे वाक्य अर्जाला मारक ठरेल. बावन्न गावे संपूर्णपणे हलवून नव्या जागी वसवली गेली, जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याचा मोठा पुनर्वसन कार्यक्रम झाला, टाटा समाजविज्ञान संस्थेने तिथे काम केले, स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या महिलांना संवाद सहायक म्हणून उभे केले. या सगळ्याचे अहवाल आहेत. तुमचा अर्ज तेव्हाच उठून दिसेल, जेव्हा तुम्ही हे सगळे वाचून दाखवाल की त्या अहवालांत घरे मोजली गेली, लाभार्थी मोजले गेले, पण त्या वेळी जे मूल होते त्याला त्याच्या पुढच्या तीस वर्षांविषयी विचारायला कुणी गेले नाही. हे खरोखर तसेच आहे का, हे मात्र तुम्हालाच तपासावे लागेल.

दुसरी गोष्ट निवडीची. चाळीस माणसे कशी मिळवणार, हे आपण लिहिलेले नाही. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे एखादी तयार यादी. भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली, हे सर्वश्रुत आहे. पुण्यातले आपले लोक त्यांतलेच असतील, असा माझा तर्क आहे. त्या मुलांना शाळा मिळाली, वसतिगृह मिळाले, त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले, आणि त्यांना बोलण्याची सवयही आहे. परंतु जे मूल गावातच राहिले, सातवीत शाळा सुटून उसाच्या फडावर गेले, ते कोणत्याही यादीत नाही. विदर्भ आणि मराठवाड्यातल्या शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासात हीच अडचण मी पाहिली आहे. शासन एक लाख रुपयांच्या मदतीसाठी प्रकरणे पात्र आणि अपात्र ठरवते, संशोधक तहसिलातून पात्र कुटुंबांची यादी घेतो, आणि ज्या विधवेच्या नवऱ्याच्या नावावर सातबारा नव्हता तिचा अनुभव जसा शासनाच्या हिशेबात नसतो तसा प्रबंधातही राहत नाही. यादीबाहेरचा माणूस शोधायला वेळ लागतो, फेऱ्या वाढतात, म्हणजे पैसे लागतात. अर्जातल्या प्रवासखर्चाचे समर्थन नेमके इथे करायचे असते. नुसते "प्रवास: ६०,००० रुपये" असे लिहिले की छाननी करणारा त्यावर काट मारतो, कुणापर्यंत पोचण्यासाठी किती फेऱ्या लागणार आणि त्या न केल्यास कोणता अनुभव निसटणार, हे लिहिले तर सहसा मारत नाही.

चाळीस हा आकडाही मला जास्त वाटतो. अठरा ते वीस माणसे घ्या आणि त्यांच्याकडे दोनऐवजी तीन वेळा जा. समितीत कुणीतरी "एवढ्या थोड्या नमुन्यावर निष्कर्ष कसा काढणार" असे हमखास विचारेल. मतमोजणी आणि अनुभवकथन यांतला फरक शांतपणे सांगता आला पाहिजे.

नैतिकतेच्या परवानगीबाबत: भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सामाजिक आणि वर्तनविषयक संशोधनावर, तसेच आपत्तीच्या काळातल्या संशोधनावरही स्वतंत्र प्रकरणे आहेत. ती आरोग्यविषयक संशोधनासाठी असली, तरी आपल्या विभागाने "खोलात जाऊ नका" म्हटल्यावर बोट ठेवायला तो छापील आधार पुरेसा आहे. विद्यापीठात सामाजिक शास्त्रांसाठी वेगळी समिती नसेल, तर जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या समितीकडे अर्ज करता येतो का, हे मार्गदर्शकांमार्फत विचारा. समुपदेशकासाठी वेगळे अनुदान मिळेल, अशी आशा मी देणार नाही. तालुक्याच्या रुग्णालयात मानसिक आरोग्याची बाह्यरुग्ण सेवा कोणत्या वारी असते याची आधी माहिती काढून ठेवा, आणि शासनाच्या 'टेलीमानस' या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक प्रत्येकाच्या हातात द्या. तो चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येते.

मानधन देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पैसे दिले की लोक आपल्याला हवे ते सांगू लागतात.

तेरणाकाठ

मी संशोधक नाही. भूकंप झाला तेव्हा अकरा वर्षांचा होतो आणि आज त्याच नव्या गावात राहतो. हा धागा मला एका नातेवाइकाने पाठवला. आदरणीय जुना_वाचक सरांच्या शेवटच्या दोन वाक्यांवर बोलल्याशिवाय राहवत नाही. पैसे दिले की लोक हवे ते सांगतात, असे आपण म्हणता. पण पैसे न देताही सांगतात. आम्ही गेली तीस वर्षे सांगत आलो आहोत. दर ३० सप्टेंबरला कॅमेरे येतात, त्यांना किती वाजता, कोण कोण गेले आणि किती तास ढिगाऱ्याखाली होतात, एवढेच हवे असते, आणि आम्हाला ते पाठ झाले आहे. ताईंना जर त्यापलीकडचे ऐकायचे असेल, तर त्या दिवशी त्यांनी येऊच नये.

त्याला दुसरेही कारण आहे. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा सोयाबीन काढणीचा काळ असतो. पाऊस डोक्यावर, मजूर मिळत नाहीत, अशा वेळी दीड तास बसून बोला म्हणणारा माणूस कितीही चांगला असला तरी नकोसा वाटतो. रास होऊन माल घरात आला की लोक निवांत असतात. उन्हाळ्यात तर रात्री अंगणात बसून पहाटेपर्यंत बोलतील. यात्रेला बाहेरगावी गेलेली माणसेही येतात, म्हणजे पुण्याच्या दोन फेऱ्यांचा खर्च वाचेल.

पैशांचे म्हणाल तर आमच्याकडे कुणी मानधन मागणार नाही, उलट चहा पाजल्याशिवाय सोडणार नाही. पण दुसऱ्याच्या शेतात रोजाने जाणाऱ्या बाईचा दिवस मोडून तिला बसवायचे आणि शेवटी हात जोडून निघायचे, हे बरे दिसत नाही. तिच्या वेळेला तिच्या घरी जा, संध्याकाळी जा. आणि दिवस मोडलाच तर गावात चालू असलेली रोजाची मजुरी द्या. ती बोलण्याची किंमत नव्हे, बुडालेल्या रोजाची भरपाई आहे, हे तिलाही समजते.

आणखी एक, जे बाहेरच्या माणसाच्या लक्षात येणार नाही. ते संमतीपत्र म्हणतात, त्यावर सही घेताना जपून. १९९३ आणि ९४ मध्ये आमच्या घरच्यांनी इतक्या कागदांवर सह्या आणि अंगठे दिले, की आजही कुणी छापील कागद आणि पेन पुढे केले की म्हाताऱ्या माणसांना वाटते, काहीतरी मंजूर झाले आहे. मागे एक मुलगी सर्वेक्षणाला आली होती, तिच्यामागे महिनाभर लोक विचारत होते की यादी लागली का. घरे जमिनीच्या हिशेबाने अडीचशे, चारशे आणि साडेसातशे चौरस फुटांची मिळाली, त्यावरून कुटुंबाकुटुंबांत जी तेढ आली ती अजून पुरती गेलेली नाही. त्यामुळे कागद कशाचा आहे आणि कशाचा नाही, हे आधी दोनदा सांगा. शक्य असेल तर तोंडी विचारून ते बोलणेच रेकॉर्ड करा.

रडण्याबद्दल आपण विचारले आहे. माणसे रडतील. त्याने काही बिघडत नाही. बिघडते ते त्यानंतर संशोधक परत येत नाही तेव्हा.

जुना_वाचक

आपण बोललात ते मला मान्य आहे. बुडालेल्या रोजाची भरपाई आणि मानधन यांत मी फरक केला नव्हता, तो करायला हवा होता. तोंडी संमती ध्वनिमुद्रित करण्याची पद्धत समित्या मान्य करतात. फक्त ती का निवडली, हे आराखड्यात लिहावे लागते, आणि आपण दिलेल्या कारणाइतके चांगले कारण मी आजवर कोणत्याही अर्जात वाचलेले नाही.

रानवाटा

थोडी भर. मी परदेशात मानवशास्त्रात पीएचडी करते आहे. इकडे काही वेळा उलटा प्रकार असतो: एखाद्या प्राध्यापकाला आपत्तीविषयक मोठ्या प्रकल्पासाठी पैसे मिळतात आणि त्यातून पीएचडीची जागा जाहीर होते. विद्यावेतन, शुल्क, क्षेत्रकार्य सगळे त्यात असते. पण प्रश्न आधीच ठरलेला असतो. किल्लारीच्या मुलांविषयी विचारायचे असेल आणि प्रकल्प पुराच्या विम्यावर असेल, तर आपण विम्यावरच लिहितो. तेव्हा "विषय पाहून पैसे" ही गोष्ट दुरून दिसते तेवढी मोकळी नसते.

माळवद यांना उपयोगी पडेल असे एक दार मात्र आहे. न्यूयॉर्कच्या वेनर-ग्रेन फाउंडेशनचे प्रबंधाच्या क्षेत्रकार्यासाठीचे अनुदान कोणत्याही देशाच्या नागरिकाला मिळू शकते, कमाल रक्कम २५,००० डॉलर आहे, आणि ते फक्त क्षेत्रकार्याच्या खर्चासाठी असते, म्हणजे नेमका तोच रकाना जो आपल्याकडे रिकामा राहतो. अट अशी, की प्रश्न मानवशास्त्राला काही सांगणारा असला पाहिजे. समाजशास्त्र विभागात नोंदणी असली म्हणून अर्ज बाद होत नाही, पण आपत्ती व्यवस्थापनाच्या भाषेत लिहिलेला अर्ज टिकणार नाही. तेरणाकाठ यांनी सहीच्या कागदाविषयी जे लिहिले, म्हणजे मदतीच्या कागदपत्रांनी लोकांचे शासनाशी आणि एकमेकांशी असलेले नाते कसे घडवले, तो अशा अर्जाचा गाभा होऊ शकतो. अर्ज इंग्रजीत लिहावा लागतो आणि पहिल्या खेपेला नकार येणे अगदी सामान्य आहे. मला दुसऱ्या खेपेला मिळाले. कोर्सवर्क आणि विद्यापीठाच्या इतर अटी आधी पूर्ण झालेल्या असाव्या लागतात, म्हणून आपल्याला निदान एक वर्ष थांबावे लागेल.

माळवद

सर्वांचे मनापासून आभार. गेले चार दिवस मी उत्तरे पुन्हा पुन्हा वाचते आहे आणि तक्ता नव्याने मांडला आहे. चाळीसऐवजी वीस जण आणि तीन बैठका. पुण्याच्या फेऱ्या कमी केल्या, त्याऐवजी दोन उन्हाळे गावात मुक्काम धरला. मुलाखती मी स्वतःच उतरवणार आहे. माझ्या आजीची बोली मला येते, त्याचा काही उपयोग होऊ दे. बुडालेल्या रोजाचा वेगळा रकाना केला आहे. एकूण अंदाज दोन लाखांवरून एक लाख दहा हजारांपर्यंत खाली आला. यंदा आयसीएसएसआर आणि महाज्योती या दोन्ही ठिकाणी अर्ज करीन आणि नेट पुन्हा देईन. तेरणाकाठ दादा, सहीच्या कागदाचे माझ्या आईला विचारले. ती म्हणाली, "तुझ्या आजोबांनी पत्र्याच्या शेडमध्ये असताना कोऱ्या कागदावरही अंगठा दिला होता." हे तिने मला याआधी कधीच सांगितले नव्हते.

एक शंका राहिली आहे. दोन्हीकडे निवड झालीच, तर काय करावे? आणि तासिकांचे मानधन अधिछात्रवृत्तीबरोबर चालते का?

कंटिन्जन्सी

दोन्हीकडे अर्ज करण्यास हरकत नसते, पण एका वेळी एकच अधिछात्रवृत्ती घेता येते आणि दुसरीकडून काही घेत नाही असे हमीपत्र लिहून द्यावे लागते. पूर्णवेळ अधिछात्रवृत्ती घेतली की तासिकांचे मानधन सोडावे लागेल, म्हणून ज्या महिन्यात रुजू व्हाल त्या महिन्यापासूनचे हिशेब आणि महाविद्यालयाचे कार्यमुक्तीचे पत्र जपून ठेवा. माझ्या एका सहकाऱ्याकडून पुढे सात महिन्यांची वसुली काढली गेली होती. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीप्रमाणे पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षे आहे आणि महिलांना त्यावर दोन वर्षांपर्यंत वाढ मिळू शकते. वेनर-ग्रेनसाठी एक वर्ष थांबायचे ठरवलेत, तर ते यातच मोजले जाईल.

आणि रोजाच्या भरपाईची पावती कशी घ्यायची, हे आपल्या वित्त विभागाला आत्ताच लेखी विचारून ठेवा. अंगठ्याची पावती चालत नाही, असे मला तिसऱ्या वर्षी कळले.

तेरणाकाठ

अंगठा नकोच. ग्रामपंचायतीकडून किंवा बचत गटाच्या अध्यक्षांकडून एकत्र पत्र घेता येते का ते पाहा, आमच्या गावापुरते मी विचारून ठेवतो. आमची यात्रा चैत्रात असते. त्याच्या आठ दिवस आधी या, यात्रेत कुणाला वेळ नसतो.